संगणक माऊस ओळखत नाही: सांगली-साताऱ्यातल्या घरांसाठी, दुकानांसाठी आणि सेवा केंद्रांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माऊस लावला, पण पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. अशा वेळी बरेच जण थेट नवा माऊस आणतात, नाहीतर विंडोज फॉरमॅट करून घेतात. पहिल्यात तीन-चारशे रुपये जातात. दुसऱ्यात कामाचा दिवस जातो आणि बॅकअप नसेल तर वर्षभराचे हिशेबही जातात. निव्वळ माऊस चालत नाही म्हणून फॉरमॅट करायची वेळ फार क्वचित येते. दोष माऊसात आहे, पोर्टात (पिन घालायच्या जागेत) आहे की विंडोजमध्ये, हे आधी ठरवा. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहेत. जुन्या विंडोजचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

माऊस बिघडलाय की संगणक, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

अदलाबदल करून. तुमचा माऊस दुसऱ्या संगणकाला लावा. तिथेही चालला नाही तर माऊस गेला, सेटिंगला हात लावायची गरजच नाही. तिथे चालला तर तोच माऊस आपल्या संगणकाच्या वेगळ्या पोर्टला लावा, शक्यतो मागच्या बाजूच्या. एका पोर्टला चालतो आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे दोष पोर्टचा. एकाही पोर्टला चालत नाही पण इतर संगणकांवर चालतो, म्हणजे दोष विंडोजचा, बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणारा संगणकाचा मूळ प्रोग्राम) किंवा मदरबोर्डचा (आतली मुख्य पाटी).

घरात दुसरा संगणक नसेल तर मोबाइलवर काम भागतं. अँड्रॉइड फोनला ओटीजी जोडणी (फोनला यूएसबी उपकरण लावायची छोटी केबल) लावा, तिच्यात माऊसची यूएसबी पिन घाला. दोन-तीन सेकंदांत फोनच्या पडद्यावर बाण दिसला तर माऊस, त्याची वायर आणि पिन तिन्ही ठीक आहेत. वायरलेस माऊसचा डोंगलही (संगणकात घालायचा छोटा रिसीव्हर) असाच तपासता येतो. ओप्पो, विवो, रियलमी आणि वनप्लसच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी आधी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि काही वेळ वापरलं नाही तर ते आपोआप बंद होतं. बाण दिसला नाही तर माऊस फेकण्याआधी हे एकदा बघा.

माऊस मध्येच बंद पडला. अर्धवट काम सेव्ह कसं करू?

बटण दाबून संगणक बंद करू नका. आधी कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक जिवंत आहे, फक्त माऊस गेला आहे. वर्ड-एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एस, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर स्वीकारायला कंट्रोल आणि ए. टॅली पूर्णपणे कीबोर्डवर चालतं, त्यामुळे अडत दुकानातलं बिलिंग माऊसवाचून दिवसभर अडत नाही.

संगणक रीस्टार्ट करायचा असेल तर विंडोज की आणि एक्स दाबा, सोडा, मग यू आणि नंतर आर. बंद करायचा असेल तर आर ऐवजी पुन्हा यू.

बाण हलवणं भागच असेल तर कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी हलवता येतो. डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबा, विचारणा येईल तिथे एंटर करा. आता ८ ने बाण वर, २ ने खाली, ४ ने डावीकडे, ६ ने उजवीकडे जातो. ५ म्हणजे क्लिक, अधिक चिन्ह म्हणजे डबल क्लिक. उजव्या क्लिकसाठी वजा दाबून मग ५; परत डाव्या क्लिकवर यायला भागाकाराचं चिन्ह. याशिवाय शिफ्ट आणि एफ१० दाबलं की उजव्या क्लिकचा मेनू कुठेही उघडतो. खालच्या बऱ्याच पायऱ्या माऊसशिवायच करायच्या आहेत, तेव्हा हे हाताशी असू द्या.

माऊसचा लाल दिवा लागतोय. म्हणजे माऊस चांगला आहे ना?

एवढ्यावरून सांगता येत नाही. यूएसबी माऊसच्या वायरीत चार तारा असतात: ५ व्होल्टची, ग्राउंडची आणि माहिती वाहून नेणाऱ्या दोन. दिवा पहिल्या दोन तारांवर लागतो. माहितीच्या दोनपैकी एकही तुटली तरी दिवा लागतो आणि संगणकाला माऊसचा पत्ता नसतो.

माऊस लावल्यावर संगणक त्याला ओळखतो कसा, हे समजलं की बरेच घोळ सुटतात. साध्या माऊसच्या आत दीड किलोओहमचा रोध माहितीच्या एका तारेला वर खेचून धरतो. तेवढ्यावरून पोर्टला कळतं की काहीतरी लागलं आहे आणि ते कमी वेगाचं, म्हणजे सेकंदाला १.५ मेगाबिटचं उपकरण आहे. मग संगणक त्याला विचारतो, ‘तू कोण?’ माऊसने नीट उत्तर दिलं तर विंडोज ‘टुडुंग’ वाजवून त्याला कामाला लावतं. उत्तर अर्धवट आलं तर ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’. काहीच कळलं नाही तर ना आवाज, ना संदेश.

म्हणून आवाज ऐका. पिन घातल्यावर आवाजही नाही आणि संदेशही नाही: तार तुटली आहे किंवा पोर्ट मेलं आहे. संदेश येतो: तारेतला संपर्क अर्धवट आहे, माऊसमधली चिप बिघडली आहे किंवा पोर्ट अडकलं आहे. आवाज पुन्हा पुन्हा येतो आणि जातो: वायर मोडत आली आहे, हलली की तुटते आणि जुळते. स्पीकर बंद नाहीत ना, तेवढं आधी पाहा.

दिवा लागतच नाही. मग?

काही माऊसमध्ये अवरक्त प्रकाश असतो, तो डोळ्याला दिसत नाही. फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून माऊसच्या पोटाकडे धरा. असेल तर जांभळट ठिपका दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेकदा अवरक्त गाळणी असते, म्हणून पुढचा घ्या. काही माऊसांत संगणकाने ओळखल्यावरच दिवा पूर्ण पेटतो, तोवर मंद राहतो. हे दोन्ही नसेल तर ५ व्होल्ट किंवा ग्राउंडची तार गेली आहे, नाहीतर त्या पोर्टला वीजच नाही. त्याच पोर्टला पेन ड्राइव्ह लावून बघा.

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला चालत नाही, मागच्याला चालतो. का?

मागची पोर्टं थेट मदरबोर्डवर बसवलेली असतात. पुढची पोर्टं एका पातळ केबलने मदरबोर्डच्या नऊ पिनांच्या जोडणीला लागतात. ती केबल सैल होते, स्वस्त कॅबिनेटमध्ये तिच्या तारा बारीक असतात, आणि पुढच्या पोर्टात रोज पेन ड्राइव्ह घालून-काढून आतली पत्ती वाकते. टॉर्च मारून आत पाहा. मधली प्लास्टिकची जीभ तिरकी असेल किंवा पितळी पट्ट्या एकमेकींना चिकटल्या असतील तर त्या पोर्टात काहीही लावू नका, शॉर्ट होऊन शेजारचं पोर्टही जाऊ शकतं.

कॅबिनेट उघडता येत असेल तर संगणक बंद करून, पॉवरची वायर काढून, ती नऊ पिनांची जोडणी एकदा काढून सरळ बसवा. नवव्या पिनेशेजारची जागा मुद्दाम रिकामी असते, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते. जोर लावावा लागत असेल तर उलटी धरली आहे. माऊस आणि कीबोर्ड कायम मागे लावा, पुढची पोर्टं पेन ड्राइव्हसाठी ठेवा.

सेवा केंद्रात एकाच हबला अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, प्रिंटर आणि माऊस लावलाय. माऊस मध्येच गायब होतो.

महा ई-सेवा केंद्रांत आणि ग्रामपंचायतीच्या संगणकांवर हा त्रास सर्रास दिसतो. कारण विजेचं गणित आहे. यूएसबी २.० च्या एका पोर्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात. ॲडॅप्टर नसलेला चार तोंडांचा हब त्याच ५०० मधून स्वतःला घेतो आणि नियमाप्रमाणे प्रत्येक तोंडाला १०० देतो. माऊस शंभराच्या आतच भागवतो. पण अंगठ्याचं स्कॅनर किंवा वेबकॅम चालू झाला की ओढ वाढते, व्होल्टेज खाली येतं आणि हब क्षणभर रीसेट होतो. त्या क्षणी हबवरचं सगळंच तुटतं. स्कॅनर परत जोडला जातो, माऊस कधी जोडला जातो, कधी नाही. प्रिंटरची वीज वेगळी येते, त्यामुळे त्याचा दोष सहसा नसतो.

स्कॅनर आणि माऊस मागच्या दोन वेगळ्या पोर्टांना थेट लावा. वेबकॅम आणि पेन ड्राइव्ह हबवर चालतील. पोर्टं कमीच असतील तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब घ्या. पोर्टेबल हार्ड डिस्क बिनॲडॅप्टरच्या हबला कधीच लावू नका. त्यात माऊस तर जातोच, डिस्कवरचा डेटाही धोक्यात येतो.

लांबीसाठी दोन-दोन एक्स्टेंशन केबल जोडणंही टाळा. टेबल लांब असेल तर एकच, चांगल्या प्रतीची घ्या.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेमकं काय बघायचं?

डिव्हाइस मॅनेजर म्हणजे संगणकाला लागलेल्या उपकरणांची यादी. ती उघडायला विंडोज की आणि एक्स, मग एम. बाणाच्या बटणांनी खाली जा, उजव्या बाणाने यादी उघडा. तीन ठिकाणं पाहायची: ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस’, ‘ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस’ आणि ‘युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स’. माऊस काढून परत घाला आणि यादी हलते का पाहा. हलली नाही तर विंडोजपर्यंत काही पोचतच नाही, म्हणजे वायर, पोर्ट किंवा बायोसकडे वळा. पिवळी खूण दिसली तर त्या ओळीवर एंटर करा, आत कोड लिहिलेला असतो.

कोड २२ म्हणजे कुणीतरी ते उपकरण बंद करून ठेवलं आहे; शिफ्ट आणि एफ१० दाबून ‘एनेबल’ करा, संपलं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) नाही. साध्या माऊसला विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो, त्यामुळे हा कोड माऊसवर आला तर विंडोजच्या फाइल बिघडल्या असण्याची शक्यता जास्त. कोड १० म्हणजे उपकरण सुरूच होऊ शकलं नाही. कोड ४५ फिकट ओळीवर दिसतो, त्याचा अर्थ ते उपकरण आत्ता जोडलेलं नाही एवढाच; घाबरू नका.

सगळ्यात जास्त भेटतो तो कोड ४३, आणि त्याच्यासोबत ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’. संगणकाने ओळख विचारली आणि धड उत्तर आलं नाही, असा त्याचा अर्थ. इंटरनेटवरून ड्रायव्हर शोधत बसू नका. इथे ड्रायव्हर लागण्याइतकी ओळखच झालेली नाही, आणि ड्रायव्हरच्या नावाखाली मिळणाऱ्या बऱ्याच फाइलींत भलतंच काही असतं. आधी पोर्ट आणि वायर बदलून बघा, मग पुढच्या उत्तरातली पायरी करा.

‘संगणक पूर्ण बंद करून वीज काढा’ असं सांगतात. त्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. संगणक बंद दिसला तरी मदरबोर्डला वीज मिळतच असते, त्यामुळे यूएसबी कंट्रोलर अडकला असेल तर तो तसाच अडकलेला राहतो. शट डाउन करा. मागची पॉवरची वायर काढा. स्विच बंद करण्यापेक्षा वायर काढलेली बरी. माऊस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह सगळं काढा. कॅबिनेटचं पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मिनिटभर थांबा, मग वायर लावून आधी फक्त कीबोर्ड-माऊस जोडून चालू करा. लॅपटॉपला चार्जर काढून हेच करा. बॅटरी निघत असेल तर तीही काढा.

माण, खटाव, जत, आटपाडी भागात कोरड्या हवेत कापडाच्या घर्षणाने अंगावर स्थिर वीज साठते. पिनेला हात लावताना ‘चट्’ झालं की कधी कधी पोर्ट अडकतं. असं अडकलेलं पोर्ट बहुतेकदा याच उपायाने सुटतं. पिन धरण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायची सवय ठेवा.

शट डाउन करून चालू केलं तरी माऊस येत नाही, रीस्टार्ट केला की येतो. हे कसं काय?

फास्ट स्टार्टअपमुळे. विंडोज शट डाउन करताना ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच परत आणतं, बिघाडासकट. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जा, वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी (वेगवान डिस्क) असलेल्या संगणकाला यामुळे जेमतेम काही सेकंद जास्त लागतात.

संगणक झोपेतून उठला की माऊस मेलेला असतो.

वीज वाचवायला विंडोज पोर्ट झोपवतं आणि काही माऊस त्यातून जागे होत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’ (संगणकाच्या आतला, पोर्टं सांभाळणारा हब; बाहेरून लावलेला नव्हे) उघडा, ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमध्ये संगणकाला हे उपकरण बंद करू द्यायची खूण काढा. मग पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. टेबलावरच्या संगणकाचं यात काही बिघडत नाही. लॅपटॉपची बॅटरी किंचित लवकर उतरेल.

यूएसबी कंट्रोलर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, असं व्हिडिओत दाखवतात. करू का?

उपाय योग्य आहे, पण शेवटी ठेवा. रूट हब काढलात की त्याच क्षणी यूएसबी कीबोर्डही जातो आणि हातात काहीच उरत नाही. अशा वेळी पॉवर बटण एकदाच, थोडकं दाबा; विंडोज व्यवस्थित बंद होईल. चालू झाल्यावर विंडोज हब पुन्हा बसवतं. अट एवढीच की लॉगिनचा पासवर्ड टाकायला कीबोर्ड चालायला हवा, आणि तो ड्रायव्हर बसल्यावरच चालतो. म्हणून एका वेळी एकच हब काढा आणि कीबोर्ड ज्या हबवर आहे तो सोडून द्या.

वायरलेस माऊस ओळखला जात नाही. कुठून सुरुवात करू?

सेलपासून. पोटाखालचं बटण चालू आहे का, सेलच्या टोकाशी प्लास्टिकची पट्टी राहिली आहे का, अधिक-उणे बाजू बरोबर आहेत का. मग नवा अल्कलाइन पेन्सिल सेल घाला. घड्याळातून काढलेला जुना सेल माऊसला पुरत नाही. घड्याळाला लागणारी वीज फारच थोडी असते. चार्ज होणारे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, बहुतेक माऊस त्यावर चालतात, पण ‘बॅटरी कमी’ची सूचना लवकर देतात.

सेलच्या जागी पांढरी पूड दिसली तर सेल फुटला आहे. कान साफ करायच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पूड पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. पूड अल्कधर्मी असते, म्हणून आंबट लागतं. स्प्रिंग काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. हात डोळ्यांना लावू नका.

सेल ठीक असेल तर डोंगलची जागा बदला. डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आणि निळ्या यूएसबी ३.० पोर्टातून, त्यात लावलेल्या हार्ड डिस्कमधून व तिच्या केबलमधून त्याच पट्ट्यात गोंगाट निघतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. डोंगल काळ्या यूएसबी २.० पोर्टात लावा, किंवा छोट्या एक्स्टेंशन केबलने कॅबिनेटच्या मागून टेबलावर आणा. पत्र्याच्या कॅबिनेटमागे, भिंतीला टेकलेला डोंगल हे माऊस अडखळण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

विंडोजला दिसतो तो डोंगल, माऊस नव्हे. म्हणजे ‘टुडुंग’ वाजलं, यादीत माऊसही आला, तरी खुद्द माऊसचा सेल संपलेला असू शकतो.

डोंगल हरवला. दुसऱ्या माऊसचा डोंगल चालेल का?

स्वस्त माऊसांत नाही. माऊस आणि डोंगलची जोडी कारखान्यातच बांधलेली असते. लॉजिटेकच्या ज्या माऊसवर नारिंगी ताऱ्यासारखी युनिफाइंगची खूण आहे, त्यांना दुसरा युनिफाइंग डोंगल जोडता येतो. एका डोंगलवर सहा उपकरणं बसतात. त्याच कंपनीची २०२१ मध्ये आलेली बोल्ट पद्धत वेगळी, दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. दुकानात विचारताना माऊसच्या पोटावरची खूण फोटो काढून न्या. माऊस वापरात नसेल तेव्हा डोंगल त्याच्या पोटातल्या खणातच ठेवा.

ब्लूटूथ माऊस काल चालत होता, आज नाही.

ब्लूटूथच्या सेटिंगमधून तो माऊस काढून टाका आणि नव्याने जोडा. काढताना ‘रिमूव्ह’च करा, नुसतं बंद-चालू केल्याने जुनी खूणगाठ तशीच राहते. माऊसचं जोडणीचं बटण दिवा भरभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. तीन चॅनेलचा (तीन संगणकांना जोडता येणारा) माऊस असेल तर चुकून दुसऱ्या चॅनेलवर गेला असेल, किंवा घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपला जाऊन चिकटला असेल. तेही पाहा.

जुना गोल पिनचा माऊस संगणक चालू असताना लावला, चालत नाही.

गोल पिनचं, म्हणजे पीएस-२ पोर्ट चालू संगणकात उपकरण घालण्यासाठी बनवलेलंच नाही. संगणक बंद करा, हिरव्या पोर्टात माऊस लावा, जांभळ्यात कीबोर्ड, मग चालू करा. चालू असताना काढ-घाल केल्याने मदरबोर्डवरचा छोटा फ्यूज उडू शकतो आणि मग दोन्ही पोर्टं जातात. आतल्या सहा पिनांपैकी एखादी वाकली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने हळू सरळ करा. एकदा सरळ होते, दुसऱ्यांदा बहुधा तुटते.

यूएसबी माऊसला हिरवा साधा कन्व्हर्टर लावून चालेलच असं नाही. माऊसच्या चिपला दोन्ही पद्धती येत असतील तरच तो चालतो, आणि नव्या माऊसांपैकी बऱ्याच जणांना येत नाहीत.

नव्या संगणकावर विंडोज ७ टाकताना पहिल्याच पानावर माऊस-कीबोर्ड दोन्ही बंद पडतात.

विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नाही. इंटेलच्या २०१५ च्या सहाव्या पिढीपासूनच्या मदरबोर्डांवर जुना यूएसबी २.० कंट्रोलरच उरला नाही, त्यामुळे बायोसमध्ये चालणारा माऊस इन्स्टॉल सुरू होताच मरतो. पीएस-२ पोर्ट असेल तर तिथे लावून काम होतं, नाहीतर इन्स्टॉलच्या पेन ड्राइव्हमध्ये आधी ड्रायव्हर घालावा लागतो. जुन्या सॉफ्टवेअरची सक्ती नसेल तर हा खटाटोप करू नका. विंडोज ७ चं सुरक्षा समर्थन १४ जानेवारी २०२० ला संपलं, विंडोज १० चंही सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला.

विंडोजमध्ये माऊस चालतो, पण दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर चालत नाही.

विंडोज ११ च्या ऑक्टोबर २०२५ च्या मासिक अपडेटमध्ये नेमका हाच दोष होता: रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी माऊस आणि कीबोर्ड दोन्ही बंद. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला तातडीचं अपडेट काढून तो दूर केला. तुमचा संगणक त्या सुमारास अपडेट होऊन पुढे कधीच झाला नसेल तर आधी अपडेट पूर्ण करा.

बायोसच्या जुन्या, निळ्या-करड्या पडद्यावर माऊस चालतच नाही. तिथे चाचणी कीबोर्डने करा. ‘यूएसबी कॉन्फिगरेशन’मध्ये पोर्टं किंवा लेगसी सपोर्ट (विंडोज सुरू होण्याआधी यूएसबी कीबोर्ड-माऊस चालवणारी सोय) बंद केलेला नाही ना, ते पाहा. संगणक चालू होताच ‘ओव्हर करंट’चा संदेश येऊन १५ सेकंदांत बंद होत असेल तर कुठल्यातरी यूएसबी पोर्टात शॉर्ट आहे. सगळी उपकरणं काढा, पुढच्या पोर्टांची आतली केबलही काढा.

हळदीच्या किंवा बेदाण्याच्या दुकानात माऊस लवकर का जातात?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पूड हवेत असते. ती माऊसच्या पोटातल्या भिंगावर बसते. संगणक माऊस ओळखतो, दिवाही लागतो, पण बाण उड्या मारतो किंवा थांबतो. तेव्हा ‘ओळखला जात नाही’ आणि ‘बाण हलत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे ध्यानात ठेवा: क्लिक लागत असेल तर माऊस ओळखला गेलेला आहे. भिंगाचं भोक कोरड्या मऊ ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका. थुंकीने पूड चिकटते. तासगावकडे बेदाण्याच्या कामात हात चिकट असतात, त्याने बटणं आणि चाक अडकतं, जोडणी नव्हे. वाळवा, कराड पट्ट्यात गाळप हंगामातली बगॅसची (उसाच्या चोथ्याची) काजळी पोर्टांत शिरते. वापरात नसलेल्या पोर्टांना दहा-वीस रुपयांची रबरी टोपणं लावा.

चकचकीत सनमायका किंवा काचेच्या टेबलावरही बाण अडतो. खाली साधा कागद ठेवून बघा.

पावसाळ्यात पोर्टं काम देत नाहीत. महापुरात भिजलेला संगणक पुन्हा वापरता येईल का?

महाबळेश्वर, पाटण, जावळी, शिराळा भागात चार महिने हवा ओली असते. पोर्टाच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि संपर्क तुटतो. संगणक बंद करून, वायर काढून, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला पातळ ब्रश पोर्टात फिरवा, अर्धा तास वाळू द्या. पिनेलाही तेच करा. घरातलं कुठलंही सॅनिटायझर इथे वापरू नका, त्यातला चिकट भाग आत राहतो.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कित्येक दुकानांतले संगणक गाळात गेले. असा संगणक ‘वाळला’ म्हणून लगेच चालू करू नये. गाळ पोर्टाच्या आत आणि मदरबोर्डवर राहतो, वीज लागताच पट्ट्या जळतात. माऊस-कीबोर्ड टाकून द्या, त्यांची किंमत धोक्याच्या मानाने काहीच नाही. हार्ड डिस्क मात्र जपा. ती चालू न करता डेटा काढणाऱ्याकडे न्या.

वायर उंदराने कुरतडली आहे, किंवा माऊसच्या तोंडाशी मोडली आहे. जोडता येईल?

येईल. वायर बहुधा माऊसमधून बाहेर पडते तिथल्या पहिल्या दोन-तीन इंचांत किंवा पिनेच्या मुळाशी तुटते. माऊसचे स्क्रू पोटावरच्या काळ्या घसरपट्ट्यांखाली किंवा लेबलखाली लपलेले असतात. उघडल्यावर काहीही काढायच्या आधी तारांच्या रंगांचा फोटो घ्या. लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी आणि हिरवी माहितीच्या, हा नियम आहे, पण स्वस्त माऊसांत रंग सर्रास बदललेले असतात. मल्टिमीटरने प्रत्येक तार पिनेपासून बोर्डपर्यंत तपासा. ज्या तारेवर बीप येत नाही ती तुटलेली. खराब भाग कापून उरलेली वायर सोल्डर करा, प्रत्येक सांध्यावर वेगळी श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) चढवा. माहितीच्या दोन तारा उलट लागल्या तर माऊस फक्त ओळखला जाणार नाही. ५ व्होल्ट आणि ग्राउंड उलट लागले तर चिप जळते. पिन संगणकात घालण्याआधी लाल-काळ्यात शॉर्ट नाही ना, हे मीटरवर पाहाच.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि माऊसही अधूनमधून जातो.

अर्थिंग नाही. माऊसचं नंतर पाहू, आधी वायरमनला बोलवा. एसएमपीएसमधल्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमधून गळणारी थोडी वीज अर्थिंगने जमिनीत जायला हवी. ती वाट नसेल तर पत्र्यावर साठते, आणि प्रिंटर किंवा इंटरनेटच्या केबलमधून पोर्टांत घुसते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कन्व्हर्टरने घालणं हे याचं मूळ असतं. वळवाच्या विजांत संगणक नुसता बंद करून भागत नाही, पॉवरची आणि इंटरनेटची दोन्ही वायरी काढून ठेवा.

दुरुस्तीला नेताना काय सांगू, काय नेऊ?

चालत नसलेला माऊस आणि डोंगल दोन्ही न्या. कुठल्या पोर्टाला चालतो, कुठल्याला नाही, पिन घातल्यावर आवाज येतो का, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड कोणता, हे कागदावर लिहून न्या. फोटो असेल तर उत्तम. वॉरंटी असेल तर जीएसटीचं बिल सोबत ठेवा आणि माऊस उघडू नका. फॉरमॅट करायचं म्हणाले तर आधी त्यांच्यासमोर दुसरा माऊस लावून दाखवायला सांगा, आणि टॅलीचा डेटा व देवनागरी फाँट दोन्हींचा बॅकअप घेतल्याशिवाय संगणक देऊ नका.